डोळ्यातल्या मूलपेशी ओळखल्या कशा, हेही बातमीत यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूलपेशींच्या, म्हणजे स्वतःसारख्या आणि इतर प्रकारच्या नव्या पेशी घडवत राहणाऱ्या पेशींच्या, उपचाराने गेलेली दृष्टी परत मिळाल्याच्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात आणि त्या वाचून मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्यांत एक प्रश्न जवळजवळ कधीच विचारलेला आढळत नाही. रुग्णाच्या डोळ्यावर ज्या पेशी बसवल्या त्यांत खऱ्या मूलपेशी किती होत्या, आणि त्या मूलपेशीच आहेत हे कशावरून ठरवले? जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनात अनेक वर्षे घालवल्यामुळे असेल, पण मला हाच प्रश्न सर्वांत कळीचा वाटतो, कारण उपचार टिकणार की डोळा काही महिन्यांत पुन्हा गढूळ होणार, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते. या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांमध्ये आहे. त्याविषयी आपल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

डोळ्यातल्या मूलपेशी म्हटले की बहुतेकांना आत खोलवर असलेला दृष्टिपटल आठवतो. प्रत्यक्षात ज्या मूलपेशींवरचा उपचार अनेक वर्षांच्या अनुभवाने तावूनसुलाखून निघाला आहे, त्या डोळ्याच्या अगदी दर्शनी भागात असतात. डोळ्यासमोरचा काचेसारखा स्वच्छ भाग म्हणजे पारपटल, डॉक्टरांच्या भाषेत कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि त्यावर पाच ते सात पेशींचा एक पातळ बाह्यस्तर असतो. पापण्यांची उघडझाप होताना या स्तरातल्या जुन्या पेशी सतत झडतात आणि साधारण आठवडा ते दहा दिवसांत अख्खा स्तर नव्याने घडतो. या नव्या पेशींचा मूळ पुरवठा पारपटल जिथे संपते आणि पांढरा भाग सुरू होतो, त्या जेमतेम एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या कड्यातून होतो. या कड्याला लिंबस म्हणतात.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली, रुग्णाला खाली पाहायला सांगून वरची पापणी हलकेच उचलली, की या कड्यावर पारपटलाच्या केंद्राकडे रोखलेल्या बारीक, फिकट रेघा दिसतात. गडद रंगाच्या डोळ्यांत या रेघांच्या कडांना तपकिरी रंगद्रव्याची किनार असते, त्यामुळे त्या अधिक स्पष्ट उठून दिसतात. स्विस नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. या रेघांच्या मधल्या खोलगट भागात, सर्वांत तळाच्या थरात, मूलपेशी वस्तीला असतात. शेजारच्या रंगपेशींमुळे अतिनील किरणांपासून त्यांचे काहीसे रक्षण होते, तर खालच्या रक्तवाहिन्यांतून त्यांना पोषण मिळते. पारपटलात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मूलपेशींनी काठावर राहणे किती सोयीचे आहे हे सहज लक्षात येईल. पारपटलाचे नूतनीकरण इथून होत असावे, असे डाव्हांगर आणि एव्हेन्सेन यांनी 1971 मध्येच सुचवले होते. त्यानंतर 1986 मध्ये न्यूयॉर्कमधील तुंग-तिएन सन यांच्या गटाने एक नेमका पुरावा दिला. पारपटलाच्या पेशींची खूण असलेले एक केराटिन प्रथिन पारपटलाच्या बाह्यस्तरात सगळीकडे सापडते, परंतु लिंबसच्या तळाच्या पेशींत ते नसते. म्हणजेच या पेशी अजून पारपटलाच्या झालेल्या नाहीत, त्या त्यांच्या मागच्या टप्प्यावर आहेत.

चुना, अमोनिया किंवा तीव्र आम्ल डोळ्यात गेले की हा कडा जळू शकतो. अशा वेळी इस्पितळ गाठण्याआधीच डोळा स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे सतत धुणे अत्यावश्यक असते, कारण लिंबस किती वाचतो हे त्या पहिल्या काही मिनिटांवर बरेचसे अवलंबून असते. हे वाक्य विषयाच्या ओघात आले असले तरी ते छापावे, अशी माझी विनंती आहे. कडा मोठ्या प्रमाणात नष्ट झाला, की पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा रक्तवाहिन्यांसह पारपटलावर सरकू लागतो. दृष्टी धूसर होते, डोळा सतत बोचतो, उजेड सहन होत नाही. अशा डोळ्यात फ्लुरेसीन या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, तर एरवी काळेभोर दिसणाऱ्या पारपटलावर हिरव्या रंगाचे भोवऱ्यासारखे पट्टे उमटतात. पारपटलावरचा स्तर आता तिथला राहिलेला नाही, याची ती खूण असते. नेत्रदानातून मिळालेले पारपटल अशा डोळ्यात केवळ बदलून भागत नाही. दात्याच्या पारपटलावरचा बाह्यस्तर काही काळाने जातोच, त्याची जागा रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी घ्यायची असते, आणि त्या पुरवणारा कडाच उरलेला नसतो.

यावर उपाय म्हणून चांगल्या डोळ्यातला लिंबसचा तुकडा बाधित डोळ्यावर लावण्याची पद्धत केनयन आणि त्सेंग यांनी 1989 मध्ये मांडली. त्यात मोठा तुकडा काढावा लागे, आणि चांगल्या डोळ्यालाच धोका पोहोचण्याची भीती असे. इटलीतील ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी 1997 मध्ये एक-दोन मिलिमीटरच्या तुकड्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांच्या डोळ्यांचा पृष्ठभाग पूर्ववत केला. याच वाटेने पुढे जाऊन तयार झालेल्या होलोक्लार या उपचाराला 2015 मध्ये युरोपीय संघात सशर्त मान्यता मिळाली. मूलपेशी असलेले ते तिथले पहिले मान्यताप्राप्त औषध होते.

माझ्या मुद्द्याचा खरा आधार या इटालियन गटाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्यात 112 रुग्णांवरच्या उपचाराचा हिशेब होता आणि सुमारे 76.6 टक्के डोळ्यांत पारपटलाचा स्तर कायमचा परत आला होता. त्याहून महत्त्वाचे असे की, कोणाचा उपचार यशस्वी झाला आणि कोणाचा नाही, याचा संबंध त्यांनी बसवलेल्या पेशींच्या गुणवत्तेशी लावून दाखवला. पी63 हे प्रथिन ठळकपणे दाखवणाऱ्या पेशी मूलपेशी मानल्या जातात. वाढवलेल्या पेशींपैकी ज्या स्वतःची वसाहत निर्माण करू शकतात, त्यांच्यात अशा ठळक पेशींचे प्रमाण 3 टक्क्यांहून अधिक असेल तर 78 टक्के रुग्णांत यश आले. ते 3 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर यशाचे प्रमाण अवघे 11 टक्के राहिले. शस्त्रक्रिया तीच, तरीही एवढी तफावत पडते. पेशींचा पडदा दिसायला कितीही अखंड आणि सुबक असला तरी त्यात मूलपेशी पुरेशा नसतील तर तो काही काळाने विरतो. बातमीत मात्र ‘मूलपेशी बसवल्या’ एवढेच येते.

आता अडचण अशी की पी63 हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असते. ते पाहायचे तर पेशी मारून, तिचा पडदा भेदून आत रंग सोडावा लागतो. कोणी राहते का हे पाहण्यासाठी घरच पाडावे, तसा हा प्रकार आहे. दारावरची पाटी वाचून आतला माणूस ओळखता आला तर घर शाबूत राहते. पेशींच्या बाबतीत ही पाटी तिच्या बाह्य पृष्ठभागावर शोधावी लागते. नमुन्यातल्या काही पेशी मारून उरलेल्यांविषयी अंदाज बांधता येतो, तसा तो आज बांधलाही जातो, परंतु जी पेशी प्रत्यक्ष रुग्णाच्या डोळ्यावर जायची आहे तीच निवडून घ्यायची असेल तर तिला जिवंत ठेवून ओळखणे भाग आहे.

पेशीच्या बाह्य पृष्ठभागावर सर्वांत वर काय असते? शर्करा. पेशीच्या आवरणातील बहुतेक प्रथिनांना आणि काही मेदांना शर्करांच्या लहानमोठ्या, फाटे फुटलेल्या साखळ्या जोडलेल्या असतात, त्यांना ग्लायकन म्हणतात. त्यांचा मिळून पेशीभोवती एक दाट थर तयार होतो. मधुमेहात मोजली जाते ती रक्तातली साखर आणि हा थर या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे इथे स्पष्ट केलेले बरे. या ग्लायकनांचे महत्त्व ज्याने रक्तगटाची तपासणी करून घेतली आहे त्याला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. ए आणि बी रक्तगटांत फरक असतो तो लाल पेशींवरील साखळीच्या टोकाच्या एकाच शर्करेचा. ए गटात तिथे एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामीन असते, बी गटात गॅलॅक्टोज असते, आणि ओ गटात या दोहोंपैकी काहीच नसते. एका शर्करेच्या फरकाने चुकीचे रक्त जिवावर बेतते, यावरून शरीर या खुणा किती बारकाईने वाचते हे ध्यानात यावे.

प्रथिनाची रचना जनुकात थेट लिहिलेली असते, ग्लायकनाची तशी लिहिलेली नसते. पेशीत त्या वेळी कोणती विकरे कार्यरत आहेत, कच्चा माल किती आहे, प्रथिन पेशीच्या कारखान्यातून किती वेगाने पुढे सरकते आहे, अशा अनेक गोष्टींवर अखेरची साखळी ठरते. म्हणूनच पेशीची अवस्था बदलली की तिच्या अंगावरच्या शर्कराही बदलतात. मूलपेशीचा शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र ती तितकीच अवघड आहे, कारण जनुकांचा क्रम वाचण्याइतक्या सहजतेने या फांद्या वाचता येत नाहीत. हे क्षेत्र प्रथिनांच्या आणि जनुकांच्या मानाने मागे राहिले त्याचे मोठे कारण हेच आहे. जिवंत पेशींवरील शर्करांना रासायनिक खूण जोडण्याची पद्धत शोधणाऱ्या कॅरोलिन बर्टोझी यांना 2022 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा कुठे या विषयाचे नाव सर्वसामान्य बातम्यांत झळकले.

डोळ्याच्या पृष्ठभागावर शर्करांची कामे जागोजागी दिसतात. पारपटलाच्या सर्वांत वरच्या, पूर्ण तयार झालेल्या पेशींवर म्युसिन-16 यांसारखी शर्करांनी लगडलेली मोठी प्रथिने उभी असतात. गॅलेक्टिन-3 हे प्रथिन त्यांच्या शर्करांना धरून त्यांची घट्ट वीण घालते, आणि त्यामुळे अश्रूंचा थर टिकतो व बाहेरच्या घटकांना आत शिरणे कठीण जाते. लिंबसच्या तळाच्या मूलपेशींना असल्या तटबंदीचे काम नसते. त्यांच्या भोवतालात हायल्युरोनन या लांबलचक शर्करासाखळीचे प्रमाण लक्षणीय असते, आणि उंदरांवरील प्रयोगांत ते कमी केल्यावर लिंबसच्या पेशींची ओळख विस्कळीत होते असे दिसले आहे. हेपारान सल्फेट ही आणखी एक साखळी. पेशीला वाढीचा संदेश देणारे एफजीएफ हे प्रथिन पेशीवरील आपल्या ग्राही प्रथिनावर नीट बसण्यासाठी हेपारान सल्फेटचा आधार घेते, हे 1991 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले. या साखळीवर सल्फेटचे गट कुठे आणि किती आहेत, त्यावर कोणता संदेश पेशीपर्यंत पोहोचेल हे ठरते. म्हणजे शर्करा ही पेशीची केवळ ओळख पटवणारी खूण नसून मूलपेशीने मूलपेशी म्हणून राहावे की पुढे सरकावे, या निर्णयातही तिचा हात असतो.

या सगळ्या गुंतागुंतीचे सर्वांत बोलके उदाहरण एसएसईए-4 या शर्करायुक्त मेदाचे आहे. मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशींच्या अंगावर ही खूण ठळकपणे असते, म्हणून प्रयोगशाळांत ती मूलपेशींची खूण म्हणूनच रूढ झाली. गंमत पाहा, उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींवर ती नसते, तिथे एसएसईए-1 ही वेगळीच शर्करा असते. साहजिकच अनेकांना वाटले की डोळ्यातल्या प्रौढ मूलपेशी शोधायच्या तर एसएसईए-4 असलेल्या पेशी वेचून काढाव्यात. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये मानवी लिंबसच्या पेशी या खुणेनुसार वेगळ्या केल्या, तेव्हा निकाल नेमका उलटा आला. ज्या पेशींवर ही खूण नव्हती त्या आकाराने लहान होत्या, मूलपेशींशी निगडित प्रथिने त्यांच्यातच अधिक होती आणि वसाहती वाढवण्याची क्षमताही त्यांच्यातच जास्त होती. डोळ्यात ही खूण मूलपेशीपासून दूर गेलेल्या पेशीची होती.

गोष्ट इथेच संपत नाही. जपानमधील ओसाका विद्यापीठात कोहजी निशिदा यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून, म्हणजे सामान्य पेशींना मागे नेऊन तयार केलेल्या बहुक्षम (शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या) पेशींपासून, पारपटलाच्या पेशी घडवल्या. त्या मिश्र गर्दीतून पारपटलाच्या पेशी निवडण्यासाठी 2016 च्या त्यांच्या शोधनिबंधात एसएसईए-4 आणि एक इंटेग्रिन प्रथिन, या दोन्ही खुणा एकत्र असलेल्या पेशी घेतल्या होत्या. एकच शर्करा भ्रूणीय मूलपेशींवर एक अर्थ सांगते, प्रौढ लिंबसमध्ये दुसरा, आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या ऊतीत तिसरा. एखाद्या बातमीत ‘मूलपेशींची अमुक खूण सापडली’ असे वाक्य आले, तर कुठल्या मूलपेशींची, कुठल्या प्राण्याच्या, आणि शरीरातल्या की बशीतल्या, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

आयपीएस पेशींच्या उपचारात शर्करांचा एक निराळा उपयोगही आहे आणि तो रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित असल्यामुळे मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तयार ऊतीत न बदललेल्या बहुक्षम पेशी शिल्लक राहिल्या तर त्यांच्यापासून गाठी होण्याचा धोका असतो. जपानी संशोधकांनी एका जिवाणूपासून मिळवलेले, शर्करेला चिकटणारे लेक्टिन प्रकारचे प्रथिन शोधले, जे या बहुक्षम पेशींवरील एका विशिष्ट साखळीलाच धरते. ती साखळी वाहणारे प्रथिन पेशींतून भोवतालच्या द्रवातही उतरते. त्यामुळे पेशींना हातही न लावता, नुसता द्रव तपासून, त्यांच्यात नको असलेल्या पेशी उरल्या आहेत का याचा अंदाज घेता येतो. जिवंत पेशी न मारता तिच्याविषयी जाणून घेण्याची जी गरज मी वर सांगितली, ती शर्करांच्या मदतीने कशी भागू शकते याचे हे प्रत्यक्ष उदाहरण आहे. ओसाकाच्या गटाने आयपीएस पेशींपासून केलेल्या पारपटलाच्या प्रत्यारोपणाचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चार रुग्णांच्या चार डोळ्यांवर उपचार झाले होते. निष्कर्ष आशादायक असले तरी डोळे चार आहेत, हा आकडा मथळ्यातच यायला हवा.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप घेता येईल आणि तो मी टाळू इच्छित नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पेशी मोजतच नाहीत. चांगल्या डोळ्यातून दोन बाय दोन मिलिमीटरचा लिंबसचा तुकडा घेतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि गर्भजलपिशवीच्या पडद्यावर जैविक गोंदाने ते थेट रुग्णाच्या डोळ्यावर बसवतात. प्रयोगशाळेची गरज पडत नाही, त्यामुळे खर्च खूपच कमी होतो. या पद्धतीने उपचार केलेल्या 125 डोळ्यांच्या अभ्यासात 76 टक्के यश नोंदवले गेले. मग खुणा शोधण्याचा एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते या पद्धतीचे यशच भोवतालाचे महत्त्व दाखवते. इथे मूलपेशी एकटी जात नाही, आपला परिसर आणि त्यातल्या शर्करांचे जाळे काही अंशी बरोबर घेऊन जाते. आणि उरलेल्या सुमारे चौथाई डोळ्यांत यश का आले नाही, हा प्रश्न उभा राहिला की पुन्हा त्या तुकड्यात मूलपेशी किती होत्या, या मुद्द्यावरच यावे लागते. ज्यांचे दोन्ही डोळे भाजलेले आहेत त्यांच्याजवळ तर घेण्यासाठी चांगला तुकडाच नसतो. त्यांना वाढवलेल्या किंवा घडवलेल्या पेशींचाच आधार आहे, आणि तिथे ओळख पटवल्याशिवाय पाऊल टाकणे धोक्याचे आहे.

लिंबसची मूलपेशी निःसंदिग्धपणे दाखवून देणारी एकच एक शर्करा आज हाती नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. पृष्ठभागावरील प्रथिनांपैकी एबीसीबी5 या प्रथिनाने 2014 मध्ये मोठी आशा निर्माण केली, कारण ते असलेल्या मानवी पेशींनी उंदरांच्या डोळ्यांवर पारपटलाचा स्तर पुन्हा घडवला. अनेक खुणा एकत्र वाचून निर्णय घेणे, त्यात प्रथिनांबरोबर शर्करांचाही पट मांडणे, हीच दिशा मला योग्य वाटते. ज्या प्रयोगशाळा हे चिकाटीचे काम करत आहेत, त्यांच्या वाट्याला मथळे फारसे येत नाहीत, आणि याची मला खंत वाटते.

ओळख न पटवलेल्या पेशी डोळ्यात सोडल्या तर काय होते, याची एक वेदनादायक नोंद 2017 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वयोमानाने दृष्टिपटलाचा ऱ्हास झालेल्या, 72 ते 88 या वयातील तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एका खासगी केंद्राने त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या, मूलपेशी म्हणवल्या जाणाऱ्या पेशी टोचल्या. तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या गेली. उपचारासाठी त्यांनी पदरचे पैसे मोजले होते. त्या पेशींत काय होते आणि त्या डोळ्यात गेल्यावर काय करतील, हे टोचण्यापूर्वी तपासून सिद्ध केलेले नव्हते. ‘मूलपेशी’ हा शब्द रुग्णाला इतका दिलासा देतो की पुढचा प्रश्न विचारायचे त्याला सुचतच नाही, आणि त्या शब्दाला हे वजन मिळवून देण्यात आपण वृत्तपत्रवाचक आणि वृत्तपत्रे दोघांचाही वाटा आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की यापुढे मूलपेशींच्या उपचाराची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने संबंधित डॉक्टरांना किंवा संशोधकांना किमान इतके विचारावे: पेशी शरीराच्या कोणत्या भागातून घेतल्या, त्या मूलपेशी आहेत हे कोणत्या खुणांवरून ठरवले, त्यांचे प्रमाण किती होते, किती डोळ्यांवर उपचार झाले आणि त्यानंतर किती काळ त्यांच्याकडे लक्ष ठेवले. उत्तर देण्याचे कोणी टाळले, तर तेही छापावे. आपल्या विज्ञानविषयक पानावर पेशींच्या शर्करांसाठी एखादी लेखमाला सुरू करता आली, तर विद्यार्थ्यांनाही या क्षेत्राची ओळख होईल. अभ्यासक्रमात प्रथिने आणि जनुके यांना जेवढी जागा मिळते, त्या मानाने ग्लायकनांच्या वाट्याला फारच थोडी येते, आणि डोळ्याच्या काठावरचा हा मिलिमीटरभर रुंदीचा कडा त्या लेखमालेला उत्तम आरंभबिंदू ठरेल.

कळावे,
आपला विश्वासू,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक